शिशाचे शिपाई: संग्रह मांडायचा कसा, चार छांदिष्टांना दाखवायचा कसा

खेळण्यातल्या सैनिकांचा संग्रह बघायला घरी येणारी माणसं दोन प्रकारची. पहिला कपाटासमोर उभा राहतो, "बापरे, किती आहेत!" म्हणतो आणि चहाकडे वळतो. दुसरा काचेला नाक लावतो आणि दोन मिनिटांत विचारतो, "तो तिसरा भालेवाला जरा उलटा करून बघू का?" हा लेख दुसऱ्यासाठी आहे. जाणकाराचा जीव सैनिकाच्या तळात असतो. कारखान्याचं नाव, अंदाजे काळ, नंतर कुणी रंग फासलाय का, पाय जोडलेला आहे का, यातलं निम्मं तरी तळ बघूनच कळतं.

म्हणून मांडणीचा एकच कायदा पाळायचा: कुठलाही सैनिक सहज बाहेर काढता, उलटा करता आणि जागेवर परत ठेवता आला पाहिजे. कपाट कुठलं घ्यायचं, सैनिक चिकटवायचे का, पाट्या कुठे लावायच्या, पाहुण्यांना कुठे बसवायचं, ही सगळी उत्तरं या कायद्यातून आपोआप निघतात.

आधी ढीग लावा, मांडणी नंतर

मोठं टेबल रिकामं करा, त्यावर जुनी सुती चादर घाला आणि सैनिकांची वाटणी करा. बहुतेक जण युद्धानुसार किंवा देशानुसार वाटतात. पहिली वाटणी मात्र कशापासून बनलाय यावरून करावी, कारण पुढची सगळी काळजी त्यावर ठरते.

शिशाचे पोकळ सैनिक हा बहुतेक जुन्या संग्रहांचा कणा. लंडनच्या विल्यम ब्रिटनच्या कुटुंबाने (त्यांचा कारखाना म्हणजेच ब्रिटन्स) १८९३ मध्ये ही पद्धत बाजारात आणली. साच्यात वितळलेला मिश्रधातू ओतायचा, बाहेरची साल थिजली की आतला पातळ धातू परत ओतून काढायचा. धातू वाचला, वजन घटलं, आणि जर्मनीच्या भरीव सैनिकांपेक्षा ते स्वस्त पडले. पायदळातल्या उभ्या शिपायाची ५४ मिलिमीटर ही उंची तिथूनच रूढ झाली. हे ओतकाम १९६६ पर्यंत चाललं. खेळण्यांतल्या शिशावर आलेले निर्बंध आणि प्लास्टिकची स्वस्ताई, दोन्हींनी मिळून ते संपवलं.

दुसरा ढीग भरीव धातूचा: पॅरिसच्या मिन्यो कारखान्याचे जुने सैनिक आणि आजच्या काळातले, रंगवून येणारे महागडे. तिसरा चपट्या सैनिकांचा, न्यूरेंबर्गच्या परंपरेतला, साधारण ३० मिलिमीटर उंचीचा. चौथा लाकडाचा भुसा, सरस आणि माती यांच्या लगद्याचा, आत तारेचा सांगाडा असलेला. एलास्टोलिन आणि लिनिओल ही त्यातली मोठी जर्मन नावं, बहुतेक सैनिक ७ सेंटिमीटरच्या आसपास. पाचवा प्लास्टिकचा. यात ब्रिटन्सच्या हेराल्ड आणि १९७१ पासूनच्या धातूच्या तळाच्या डीटेल या मालिका, टिंपो कंपनीचे, आणि एअरफिक्सचे एकास बहात्तर प्रमाणातले इवलेसे.

सहावा ढीग मराठी घरात हटकून असतो आणि त्याला संग्रह म्हणायचं कुणाला सुचत नाही: दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे. मातीचे, अलीकडे प्लास्टर ऑफ पॅरिसचे. तोफेजवळचा गोलंदाज, तुतारीवाला, सिंहासनावरचे महाराज. वेगवेगळ्या वर्षांचे, वेगवेगळ्या कारागिरांचे मावळे शेजारी ठेवून बघा. रंगाच्या आणि चेहऱ्याच्या पद्धती कशा बदलत गेल्या ते लगेच दिसतं. हे सगळ्यांत नाजूक. ओलं फडकं लावलंत तर रंगासकट मिशी पुसली जाईल.

काय मागे ठेवायचं

आता अवघड काम. जे आहे त्यातलं निम्म्याहून जास्त डब्यात परत जाऊ द्या. खच्चून भरलेल्या फळीवर कोणताच सैनिक दिसत नाही, आणि मागच्या रांगेतला काढायचा तर पुढचे सात हलवावे लागतात. दर दोन-तीन महिन्यांनी विषय बदला. येणाऱ्याला नवीन काहीतरी दिसतं, आणि तुमच्याही हातून सगळे तुकडे वर्षातून एकदा तपासले जातात.

विषय निवडताना "माझे सगळे नेपोलियनवाले" असा गठ्ठा विषय टाळा. एक प्रश्न घ्या. एकाच कारखान्याने एकाच पलटणीचा शिपाई तीस वर्षांत कसकसा बदलला? किंवा हिंदुस्थानी फौजेचे सैनिक इंग्लंडमधल्या कारखान्यांनी कसे रंगवले? ब्रिटन्सच्या जुन्या यादीत स्किनर्स हॉर्स हे घोडदळही आहे आणि बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री हे पायदळही. फेट्याचा रंग, दाढी, त्वचेसाठी वापरलेली एकच ठरावीक तपकिरी छटा यांवर छांदिष्ट तासभर बोलू शकतात.

प्रमाणांची सरमिसळ मात्र एका फळीवर करू नका. किल्ल्यावर दरवाज्यापेक्षा मावळा मोठा असला तरी चालतं, ती त्या खेळाची गंमतच आहे. काचेमागे ५४ मिलिमीटरच्या शेजारी ६० चा ठेवला तर दोघंही चुकीचे वाटतात.

कपाट: सुताराला बोलावण्यापूर्वी

शिशाचा खरा शत्रू धूळ नव्हे, लाकूड आहे. लाकडातून, त्यातही ओक, प्लाय आणि एमडीएफमधून, ॲसेटिक आणि फॉर्मिक आम्लाची वाफ वर्षानुवर्षं सुटत राहते. बंद कपाटात ती साठते. शिशावर ती बसली की हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओल यांच्या मदतीने शिशाचं पांढरट-राखाडी पावडरीत रूपांतर होतं. वाईट भाग असा की त्या क्रियेत आम्ल पुन्हा मोकळं होतं आणि पुढचं शिसं खायला लागतं. सुरुवात रंग उडालेल्या जागी होते: तळाची कडा, बंदुकीचं टोक, घोड्याचे कान. बरेच जण याला कथलाचा रोग म्हणतात. तो वेगळा, कथील साधारण १३ अंशांखाली बराच काळ राहिलं तर भुसभुशीत होतं. आपल्याकडे त्याची चिंता करायचं कारण नाही.

म्हणजे दिवाणखान्यातलं सागवानी फडताळ दिसायला कितीही राजस असलं तरी शिशासाठी नको. घ्यावं ते पावडर कोटिंग केलेल्या लोखंडाचं किंवा ॲल्युमिनियम सेक्शनचं, काचेच्या फळ्यांचं. गल्लीतला काचवाला आणि ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणारा, दोघं मिळून ते बनवून देतात, आणि आयत्या शोकेसपेक्षा मापं तुमच्या मनासारखी मिळतात.

मापं अशी सांगा. दोन फळ्यांमधलं अंतर पायदळासाठी १२ सेंटिमीटर, भालेवाल्या घोडेस्वारांसाठी १५. खोली ३० सेंटिमीटरच्या वर नको, नाहीतर मागे हात जात नाही. दोन फुटांपर्यंतच्या फळीला ६ मिलिमीटरची काच, त्याहून लांब असेल तर ८ ची टफन्ड किंवा मध्ये आधार. शिसं जड असतं. सैनिकांनी भरलेली एक पेटी उचलून बघा म्हणजे काचवाल्याशी वाद घालायला बळ येईल. दार सरकतं असेल तर एका वेळी अर्धंच कपाट उघडतं, म्हणून बिजागरीचं बरं. आणि कुलूप हवंच.

काचवाल्याला एक गोष्ट बजावून सांगा: सांधे भरायला व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नको, न्यूट्रल क्युअरवालं आण. तो वास म्हणजेच ॲसेटिक आम्ल. आधीच वापरलेलं असेल तर वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे काही आठवडे, दारं उघडी ठेवून कपाट रिकामं राहू द्या. नव्या रंगाचंही तेच.

लाकडी कपाटच वापरायचं असेल, कारण आजोबांचं आहे किंवा घरात दुसरी जागाच नाही, तर आतल्या बाजूला ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा किंवा ॲक्रिलिक लावा, दारांना वरखाली फट ठेवा, आणि शिशाचे सैनिक तिथे न ठेवता प्लास्टिकचे ठेवा. प्लास्टिकला लाकडाचं वावडं नाही.

पावसाळा

मुंबई, कोकण, गोवा इथे जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांवर जाते. शिशाला ५० च्या खाली बरं वाटतं. छोटा डिजिटल हायग्रोमीटर स्वस्त मिळतो. प्रत्येक कपाटात एक ठेवा. सिलिका जेलचे दाणे छिद्रांच्या डबीत घालून तळफळीखाली दडवा. नारिंगी दाणे ओल शोषल्यावर हिरवे होतात. मग ओव्हनमध्ये साधारण ११० ते १२० अंशांवर दोनेक तास तापवले की पुन्हा तयार. हे जेल घट्ट बंद कपाटातच काम करतं, आणि घट्ट बंद कपाट आम्लाच्या वाफेलाही कोंडून ठेवतं. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी आम्लाचा बंदोबस्त, मग जेल. लाकडी कपाटात नुसतं जेल टाकून दार लावून घेणं म्हणजे अर्धाच उपाय.

डांबर गोळ्या कधीच नकोत. आपल्या घरात कपाट म्हटलं की आई डांबर गोळी टाकणारच, म्हणून हे आधीच सांगून ठेवावं लागतं. त्यांची वाफ काही प्लास्टिकना आणि रंगांना मऊ करते.

लगद्याच्या सैनिकांची गोष्ट निराळी. त्यांच्या आतली तार गंजली की फुगते आणि पाय उभा चिरतो. त्यांना फार कोरडं आणि फार ओलं, दोन्ही सोसत नाही. त्यांना वेगळी फळी द्या आणि जेल बेतानं वापरा. मऊ, लवचीक प्लास्टिकचे सैनिक दुसऱ्या कडक प्लास्टिकच्या ट्रेवर महिनोनमहिने टेकवून ठेवू नका. पीव्हीसीतलं तेलकट द्रव्य बाहेर पडून दोघं एकमेकांना चिकटतात. मध्ये पॉलिएस्टरचा पारदर्शक कागद घाला.

ट्रे

पूर्ण मांडणीतली सगळ्यांत कामाची वस्तू हीच. सैनिक थेट काचेच्या फळीवर उभे न करता ॲक्रिलिकच्या उथळ ट्रेमध्ये उभे करायचे. ट्रे साधारण ३० बाय २० सेंटिमीटर, कडा एक सेंटिमीटर उंच. एका ट्रेमध्ये एक तुकडी. ब्रिटन्सच्या पेटीत सर्वसाधारणपणे ८ पायदळ किंवा ५ घोडेस्वार येत, आणि या मापात एक पेटी आरामात मावते. बघायला कुणी आलं की अख्खा ट्रे बाहेर काढून टेबलावर ठेवायचा. कपाटात हात घालून एकेक शिपाई काढताना शेजारचा पडतो, आणि शिशाच्या घोड्याचा पाय एकदा वाकला की सरळ करताना बहुधा तुटतोच.

मागच्या रांगेसाठी ट्रेखाली ॲक्रिलिकच्या पायऱ्या ठेवा. प्रत्येक पायरी अडीच ते तीन सेंटिमीटर उंच. तेवढ्यात मागच्यांचे चेहरे दिसतात.

सैनिक चिकटवायचे नाहीत, हे कायद्यातच आलं. पण रस्त्यावरच्या ट्रकने किंवा शेजारून जाणाऱ्या लोकलने घर थरथरत असेल तर शिपाई हळूहळू सरकतात. ट्रेच्या तळाला पातळ निओप्रीन रबराचा तुकडा बसवला की सरकणं थांबतं. भालेवाल्यासारखा तोल गेलेला असेल त्याच्या तळाखाली मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा मुगाएवढा थेंब द्या, नंतर तो निघून येतो. पोस्टर चिकटवायचा निळा गोंद वापरू नका, तेलाचा डाग सोडतो. आजच्या बनावटीच्या किंवा स्वतः रंगवलेल्या सैनिकांच्या तळाला लहान चुंबक आणि ट्रेमध्ये लोखंडी पत्रा, ही जोडी उत्तम. जुन्या तुकड्याच्या तळाला मात्र भोक पाडायचं नाही, काही चिकटवायचं नाही.

उजेड

एलईडी पट्टी पुढच्या चौकटीच्या आतल्या बाजूला, वरून खाली आणि किंचित मागे रोखलेली. छताला मध्यभागी लावली तर टोपीच्या सावलीत चेहरा जातो, आणि शिपायाचा चेहरा हेच तर बघायचं असतं. ट्रान्सफॉर्मर कपाटाबाहेर ठेवा, तो गरम होतो. खिडकीचं ऊन समोरून येता कामा नये. लाल रंग सगळ्यांत आधी फिका पडतो आणि ब्रिटिश पायदळात लालच भरलेला. पाहुणे नसताना दिवा बंद.

वही आणि पाटी

प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्या. वहीत किंवा एक्सेलमध्ये इतकं लिहा: कारखाना, पेटीचा क्रमांक माहीत असेल तर तो, द्रव्य, उंची, कुणाकडून कधी घेतला, किती पैसे दिले, दुरुस्ती, आणि समोरून, मागून, तळातून असे तीन फोटो. आंतरजालावरची छायाचित्रं बघून कारखाना ओळखायचा मोह होतो. खात्री नसेल तर "बहुधा" असं लिहा आणि तसंच ठेवा. ब्रिटन्सच्या जुन्या सैनिकांच्या तळाला कागदी लेबल सापडतं, नंतरच्यांवर साच्यातच उठवलेली अक्षरं. लेबल अर्धं निघालेलं असेल तरी ते खरवडू नका. क्रमांकही तळावर पेनने लिहू नका, सुती दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी पुरते.

पाटी चार ओळींच्या वर नको, आणि ती खरं बोलणारी हवी. "लान्सर, घोडदळ. ब्रिटन्स, लंडन. पोकळ शिसं, ५४ मि.मी. भाला बदललेला, घोड्याला नवा रंग." पाटीवर दुरुस्ती लपवणारा संग्राहक छांदिष्टांत फार दिवस टिकत नाही, कारण दुसऱ्या भेटीत कुणीतरी तळ उलटा करतोच. मान तुटलेल्या पोकळ शिपायाच्या आत काडेपेटीची काडी घालून डोकं परत बसवणं ही तर जगभरातल्या घरांत झालेली दुरुस्ती आहे. ती दिसली तर दुःख मानू नका. कुण्या मुलाने तो शिपाई पुन्हा खेळायला घेतला असा त्याचा अर्थ, आणि पाटीवर ते लिहायला मजा येते.

जुन्या तुकड्याला नवा रंग देऊ नका. उडालेला मूळ रंग नव्या झकपक रंगापेक्षा नेहमी मोलाचा.

एक मांडणी उदाहरणादाखल: असई

२३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई आपल्या जालना जिल्ह्यातली, भोकरदनजवळची. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले एका बाजूला, इंग्रजांचा आर्थर वेलस्ली (पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन) दुसऱ्या बाजूला. जॉन जेन्किन्स डिझाइन्स या कंपनीच्या वेलिंग्टनच्या हिंदुस्थानातल्या मोहिमांवरच्या मालिकेत शिंद्यांचे कवायती, म्हणजे युरोपीय पद्धतीने शिकवलेले, शिपाई निघाले आहेत. हे एकास तीस प्रमाणातले, म्हणजे ५४ च्या शिपायांपेक्षा किंचित मोठे. त्यांची फळी वेगळी.

मांडताना पूर्ण रणांगण करायला जाऊ नका, हजारोंच्या फौजा फळीवर मावत नाहीत. एक तुकडा उचला. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात लढाई झाली. वेलस्लीने केळणा ओलांडली आणि शिंद्यांच्या पलटणींना आपली फळी वळवून त्याच्याकडे तोंड करावं लागलं. मांडणीत एवढंच दाखवा: एका कडेला निळसर-मातकट रंगवलेली नदीची पट्टी, मधे तोफांची ओळ, तिच्यामागे कवायती शिपायांची सरळ रांग. तोफांजवळ दोनतीन गोलंदाज आडवे पडलेले ठेवा. इंग्रजांची पलटण पुढे निघून गेल्यावर मेल्याचं सोंग घेतलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी पाठीमागून तोफा डागल्या, अशी नोंद आहे. पाहुणा हमखास विचारतो, "हे पडलेले का?" आणि बोलणं सुरू होतं.

या मांडणीशेजारी दिवाळीच्या किल्ल्यावरचा एक मातीचा मावळा स्वतंत्र ट्रेमध्ये ठेवा. डोंगरातला शिवकालीन मावळा आणि शिंद्यांच्या पलटणीतला गणवेशातला शिपाई यांच्यामधलं सव्वाशे-दीडशे वर्षांचं अंतर न बोलता कळतं. घरातल्या शाळकरी मुलांना ही गोष्ट मोठ्यांपेक्षा लवकर दिसते.

बैठक

एका वेळी सहा ते आठ पाहुणे पुष्कळ झाले. प्रत्येकाला आपापल्या संग्रहातला एक तुकडा आणायला सांगा. एकच, तीन आणले की प्रदर्शन तुमचं राहत नाही आणि वेळही पुरत नाही. जेवणाच्या टेबलावर जाड सुती कापड पसरा, कडेला गुंडाळलेला टॉवेल ठेवा म्हणजे घरंगळलेला सैनिक खाली पडणार नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटा टॉर्च, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि एक लहान चुंबक मांडून ठेवा. पोकळ की भरीव हे वजनावरून कळतं, तळ लोखंडी पत्र्याचा आहे का हे चुंबकावरून.

चहा-फराळ दुसऱ्या खोलीत. हा नियम थोडा आगाऊ वाटतो, पण टेबलावर शिसं आहे. सैनिक हाताळल्यावर आणि खाण्यापूर्वी सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे, यजमानाने आधी. पांढरी पावडर धरलेला तुकडा उघड्या हाताने फिरवायचाच नाही. त्याला झाकणाच्या डबीत ठेवून दाखवा. लहान मुलं आणि गरोदर बाई घरात असतील तर शिशाचे ट्रे त्यांच्यापासून लांब, आणि बैठक संपल्यावर टेबल ओल्या फडक्याने पुसून ते फडकं टाकून द्या. झाडू किंवा साधा व्हॅक्युम फिरवू नका, धूळ उडते.

मुलं येणार असतील तर त्यांच्यासाठी प्लास्टिकच्या सैनिकांचा डबा जमिनीवर उघडा सोडा. "हात लावू नको" हे वाक्य दहाव्यांदा म्हणण्यापेक्षा हा उपाय स्वस्त पडतो, आणि पुढच्या पिढीतला एखादा छांदिष्टही त्यातूनच निघतो.

सैनिक धरायचा तो तळाला, एका हाताने. दुसरा हात खाली ओंजळीसारखा. भाला, बंदूक, घोड्याची शेपटी यांना बोट लावायचं नाही. नायट्राइलचे पातळ हातमोजे ठेवा, सुती नकोत, त्यांचे धागे संगिनीत अडकतात. एका वेळी टेबलावर एकच ट्रे. तो परत कपाटात गेला की दुसरा. ही शिस्त कंटाळवाणी वाटली तरी गर्दीत सैनिक हरवतात ते ट्रे एकमेकांत मिसळल्यामुळेच.

बोलण्याला एक धागा द्या. प्रत्येक पाहुण्याने आपला तुकडा हातात घेऊन दोन मिनिटं बोलावं: कुठून मिळाला, काय कळलं, काय कळत नाही. "काय कळत नाही" हा भाग सगळ्यांत रंगतो. किमतीचा विषय चहाच्या खोलीत. टेबलावर पैशाचं बोलणं निघालं की लोक आपल्या तुकड्यांबद्दल हातचं राखून बोलायला लागतात.

घराबाहेर नेताना

वाचनालय, शाळा, सोसायटीचा हॉल यांच्याकडून बोलावणं येतं, विशेषतः दिवाळीत. खाजगी छंद लोकांसमोर कसा खुला करावा याचा नमुना बघायचा तर पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासून लोकांसाठी खुलं. सैनिकांच्याच बाबतीत जगातलं मोठं ठिकाण म्हणजे जर्मनीतल्या कुल्मबाख गावी प्लासेनबुर्ग किल्ल्यातलं कथलाच्या सैनिकांचं संग्रहालय; त्या गावात दर दोन वर्षांनी संग्राहकांचा बाजार भरतो. ब्रिटनमधल्या मराठी छांदिष्टांना १९३५ पासून चालू असलेली ब्रिटिश मॉडेल सोल्जर सोसायटी जवळची.

नेण्यासाठी बिस्किटांचे पत्र्याचे डबे वापरा. चुंबक चिकटतो का बघून घ्या, काही डबे ॲल्युमिनियमचे असतात. चुंबकाच्या तळाचे सैनिक त्यात उभे राहून प्रवास करतात. जुन्यांना आम्लरहित टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून पॉलिथिन फोमच्या खाचांत झोपवा. फुग्यांचा प्लास्टिक कागद थेट रंगावर नको, गोल ठसे उमटतात. वर्तमानपत्र तर नकोच. एसटीत किंवा लोकलमध्ये डबा मांडीवर, रॅकवर नाही. तिथे पोचल्यावर बंद काचेचं कपाट नसेल तर शिशाचे सैनिक बाहेर काढू नका. त्याऐवजी मोठे छापील फोटो आणि प्लास्टिकचे सैनिक ठेवा. दिलेल्या वस्तूंची यादी, प्रत्येकीच्या आजच्या अवस्थेचा फोटो आणि परतीची तारीख यावर आयोजकाची सही घ्या, ओळखीचा असला तरी.

फोटो

मोबाइल सैनिकाच्या डोळ्यांच्या पातळीवर आणा. वरून काढलेला फोटो म्हणजे टोपीचा फोटो. फार जवळ जाऊ नका. थोडं मागे सरकून दुप्पट झूम करा, म्हणजे नाक आणि संगीन दोन्ही स्पष्ट येतात. उत्तरेकडच्या खिडकीचा उजेड, दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा, मागे राखाडी कागद. तळाचा फोटो प्रत्येक वेळी, शेजारी मोजपट्टी ठेवून. पाठवण्यापूर्वी फोटोतली ठिकाणाची माहिती काढून टाका, आणि कपाटाचं कुलूप, खिडकी, घराचा दरवाजा चित्रात येऊ देऊ नका. किमती तुकड्यांची यादी सगळ्यांना पाठवायची गरज नाही.

अदलाबदल

जोडी जुळवायला अदलाबदल हवीच. तुमच्याकडे दोन बिगुलवाले, त्याच्याकडे दोन झेंडेवाले. दोघांच्या वहीत एकाच दिवशी नोंद करा आणि दुरुस्ती तोंडी नाही, लेखी सांगा. परदेशी पाठवताना एक कायदा लक्षात ठेवा. पुरावस्तूंविषयीच्या १९७२ च्या कायद्यानुसार भारतातली शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. शंभरीच्या आसपासची पेटी असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घेऊन मगच पार्सल करा.

पाहुणे गेल्यावर ट्रे कपाटात जाण्यापूर्वी चिठ्ठ्यांवरचे क्रमांक वहीशी ताडून बघा. कुणी अभ्यासाला नेला असेल तर नाव आणि तारीख त्याच रात्री लिहा. कुणी शंका काढली असेल, "हा ब्रिटन्सचा वाटत नाही", तर तीही त्या तुकड्याच्या नोंदीखाली शंका घेणाऱ्याच्या नावासकट लिहून ठेवा. पुढची बैठक त्याच्या घरी ठरवायला ते निमित्त पुरतं.